तळ्यावरची बोट

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास माझ्या खात्यात 4 लाख 10 हजार रुपये होते. सात वर्षं नोकरी करून साठवलेले, घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेले. त्यातले जवळजवळ सगळे मला एका गंजक्या बोटीत घालायचे होते.

बोट काल्हेरला एका गोदामामागे विटांच्या थरांवर टेकवून ठेवली होती. ऑफिसातल्या मित्राने तिचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, 'बघ, तुझ्या खाडीसाठी.' मी डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या बाजूला राहतो. खाडी माझी आहे असं मी त्याला चहाच्या टपरीवर इतक्या वेळा सांगितलं होतं की त्याला ते खरं वाटायला लागलं होतं.

त्या रविवारी आम्ही दोघं माणकोली पुलावरून बाईकने काल्हेरला गेलो. बोट कुठल्याशा तलावावर दहा-बारा वर्षं फिरलेली होती. ठेका संपला, बोट पडून राहिली, आता ठेकेदाराला ती विकायची होती. 20 फूट लांब, 8 फूट रुंद. दोन बाजूंना लोखंडी पत्र्याची दोन लांब बंद पिंपं, त्यांवर अँगलचा सांगाडा, सांगाड्यावर प्लायवूड, समोरासमोर बाकडी, वर पत्र्याचं छप्पर. नुकताच निळा रंग मारलेला. मागे आउटबोर्ड इंजिन होतं, ते बंद होतं. किंमत 1 लाख 80 हजार.

या प्रकाराला पोंटून बोट म्हणतात. पोंटून म्हणजे पोकळ, बंद, तरंगणारं पिंप. कुंभमेळ्यात प्रयागराजला गंगेवर पिंपांचे पूल टाकतात, ते याच तत्त्वावर. नदीवर किंवा खाडीत जी तरंगती जेट्टी दिसते तीही पोंटूनच. पण त्यावर बसून फिरायची बोट करायची कल्पना अमेरिकेतल्या मिनेसोटाची. तिथल्या अॅम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने 1950 नंतरच्या एक-दोन वर्षांत लोखंडी पिंपं टोकाला टोक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फळ्यांचा मंच ठोकला. मिनेसोटात हजारो तलाव आहेत. तिथल्या शांत पाण्यावर सगळ्या कुटुंबाला घेऊन, टेबलखुर्ची टाकून फिरता यावं म्हणून ही बोट जन्माला आली.

हे मी तेव्हा वाचलं होतं. 'शांत पाण्यावर' या दोन शब्दांकडे मात्र लक्ष दिलं नव्हतं.

मित्राने परत येताना रस्त्यातच एक्सेल शीट करायला घेतलं. 12 सीट. शनिवार-रविवार मिळून सहा फेऱ्या. माणशी 300 रुपये. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी जातात, त्यांचं बुकिंग हंगामात मिळत नाही. ठाण्यात मासुंदा तलावावर, म्हणजे तलावपाळीला, पायडलच्या बोटीत बसायला लोक रांग लावतात. मग डोंबिवलीकरांनी काय पाप केलंय? आपल्याकडे तर अख्खी खाडी आहे. शिवाय कल्याण-ठाणे-मुंबई हा 145 किलोमीटरचा पट्टा 2016 च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 झालेला आहे. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर अशा जेट्ट्या कागदावर मंजूर आहेत. उद्या सरकारी बोटी सुरू होतील तेव्हा आपण आधीच पाण्यात असू, असं त्याचं म्हणणं.

मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटवून घ्यायचं होतं.

त्याचं कारण माझ्या घरात, दिवाणावर, टीव्हीसमोर बसलेलं होतं.

माझे बाबा रेतीवाले. रेतीवाले म्हटलं की लोकांना डंपर आणि गळ्यात जाड साखळी आठवते. बाबा त्या प्रकारचे नव्हेत. ते हातपाटीवर होते. लोखंडी बादली घेऊन बांबूच्या आधाराने खाडीच्या तळाला जायचं, श्वास धरून बादली रेतीने भरायची, दोर हलवायचा, वरचे दोघं बादली ओढून होडीत रिकामी करणार. मग वर यायचं, दोन-चार श्वास घ्यायचे, पुन्हा खाली. यालाच डुबी म्हणतात. खाडीच्या गढूळ पाण्यात खाली डोळे उघडून काही उपयोग नसतो. तळ हाताने आणि पायाने ओळखायचा. भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, उधाण आहे की भांग, यावर दिवसाचं गणित.

हे काम त्यांनी वीस वर्षं केलं. मग संक्शन पंप आले. आम्ही दिवसभरात काढायचो ते पंप तासाभरात उपसतो, असं बाबा सांगतात. मग न्यायालयांचे आदेश, बंदी, लिलाव, पुन्हा बंदी. आजही महसूल खात्याची कारवाई होते, गॅस कटरने कापलेल्या बार्जचे फोटो पेपरात येतात. या सगळ्यात हातपाटीवाला कधी बाहेर पडला ते कुणाला कळलंही नाही. होडी भागीदारीत होती, ती विकली. वाट्याला आलेल्या पैशांत घरावर पत्रे टाकले. गेली दहा-बारा वर्षं बाबा एका टॉवरच्या गेटवर वॉचमन आहेत. त्या टॉवरच्या जाहिरातीत 'क्रीक व्ह्यू' लिहिलेलं आहे.

डुब्या मारून त्यांचा डावा कान गेला. त्यामुळे टीव्ही मोठ्याने लागतो. आई ओरडते, ते ऐकू न आल्यासारखं करतात. बाकी बोलणं फारसं नाही.

मला वाटायचं, बोट आली की बाबा पुन्हा पाण्यावर जातील. गेटवरची खुर्ची सुटेल. मित्राच्या एक्सेलमध्ये 'चालक – पगार 15,000' असा एक रकाना होता. मी मनातल्या मनात तिथे त्यांचं नाव लिहून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये एका रविवारी मी त्यांना कल्याणला घेऊन गेलो. दुर्गाडी किल्ल्याजवळ नौदल संग्रहालयासाठी 'टी-80' नावाची नौका आणून ठेवली आहे, ती बघायला. इस्रायली बनावटीची, उथळ पाण्यात वेगाने धावण्यासाठी बांधलेली, 1998 मध्ये आपल्या नौदलात आलेली. निवृत्त झाल्यावर 2024 च्या सुरुवातीला ती कल्याणला आणली गेली. जागाही तशीच निवडलेली. 1657 मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली, असं मानलं जातं.

माझा बेत असा होता, की ती नौका बघता बघता विषय काढायचा. जुनी बोट दुरुस्त करून काय सुंदर दिसते बघा, वगैरे.

बाबांनी नौकेकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हिचं बरं हाय. हिला आता फक्त रंग लागंल."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "पाण्याबाहेर ठेवलेल्या बोटीला रंग लागतो. पाण्यातल्या बोटीला रोज माणूस लागतो."

तरीही मी विषय काढला. फोनवर फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून पिंपांकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, "आत कप्पे हायत का?"

मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट हिशोब केला. तो इथे देतो, कारण कुणी अशी बोट घेणार असेल तर एक्सेलच्या आधी हा करावा.

पिंपाचा व्यास 60 सेंटिमीटर, लांबी 6 मीटर. म्हणजे एका पिंपाचं घनफळ साधारण 1.7 घनमीटर. पिंप पूर्ण बुडालं तर ते 1.7 टन पाणी बाजूला सारतं आणि तेवढंच वजन पेलतं. दोन पिंपं मिळून 3.4 टन. पण पिंप पूर्ण बुडेपर्यंत वजन टाकायचं नसतं. साधारण निम्मी ताकद राखून ठेवायची, कारण माणसं एका बाजूला सरकतात, लाट येते, फोटो काढायला सगळे एकाच कठड्याशी जातात. म्हणजे वापरायला 1.7 टन.

आता बोटीचं स्वतःचं वजन. 3 मिलिमीटर पत्र्याची दोन पिंपं, 560 किलो. सांगाडा, प्लायवूड, बाकडी, छप्पर मिळून 450 धरले. इंजिन, बॅटरी, पेट्रोल, नांगर यांचे 100. झाले 1,110. त्यात 65 किलोची 12 माणसं, म्हणजे 780. एकूण 1,890. तळ्यावर बारा वर्षं ही बोट निम्म्याहून जास्त बुडून फिरत होती. पुरेशी राखीव ताकद ठेवायची तर 8 माणसं. त्यातला एक चालवणारा. म्हणजे तिकिटं सात.

मित्राच्या शीटमध्ये 12 च्या जागी 7 टाकल्यावर शेवटची हिरवी ओळ लाल झाली.

आणि कप्प्यांचा प्रश्न. पिंप आतून एकसंध पोकळ असेल, तर कुठेही एक भोक पडलं की पाणी हळूहळू पूर्ण पिंपात भरतं. शिवाय ते पाणी आत इकडून तिकडे पळतं, बोट जिकडे कलते तिकडेच जाऊन तिला आणखी कलवतं. दोनातलं एक पिंप भरलं की दुसरं पिंप एकट्याने बोट सरळ धरू शकत नाही. बोट त्या बाजूला उलटते. म्हणून चांगल्या पोंटूनला आत आडवे पडदे वेल्ड केलेले असतात. एक कप्पा भरला तरी बाकीचे तरंगत राहतात.

बाबांनी कधी घनफळ काढलेलं नाही. त्यांना हा प्रश्न फोनवरच्या फोटोतून सुचला.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, "चल, बघून येऊ."

ते सुट्टी टाकून आले होते. सोबत हातोडी, एक जुना टोच्या, चिंधी. मित्र आला होता. ठेकेदाराचा माणूस गोदामाच्या सावलीत खुर्ची टाकून बसला होता. "काका, बघा बिनधास्त, एक नंबर माल आहे," असं म्हणाला.

बाबांनी बोटीवर पाऊलही ठेवलं नाही. बाकडी, छप्पर, इंजिन, कशाकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवर बसले, पिंपाखाली वाकले आणि एका टोकापासून हातोडी मारत निघाले. वीतभर अंतराने एक ठोका. उजवा कान पत्र्याजवळ, डाव्या हाताची बोटं पत्र्यावर टेकवलेली. टण. टण. टण. मग एके ठिकाणी आवाज बसला. माझ्या चांगल्या दोन कानांना तो फरक तिसऱ्या वेळेला कळला. बाबांनी खडूने तिथे फुली मारली आणि पुढे सरकले.

"कानाने नाय," नंतर ते म्हणाले. "बोटांना कळतं. चांगला पत्रा हाताला झिणझिण्या देतो."

एका पिंपावर अकरा फुल्या झाल्या, दुसऱ्यावर सहा. सगळ्या तळाकडच्या भागात. मी विचारलं, बाहेरून तर रंग चांगला आहे. ते म्हणाले, गंज आतून आहे. आत थोडंसं पाणी राहिलं की ते तळाशी साचतं आणि पत्रा आतून खात बसतं. एका फुलीवर त्यांनी टोच्या टेकवून फिरवला. निळा रंग पापुद्र्यासारखा निघाला. खाली राखाडी एम-सील. एम-सील निघाल्यावर टोच्या आत गेला.

ठेकेदाराचा माणूस खुर्चीतून उठला. तो काही लबाड माणूस नव्हता. "काका, तळ्यात एवढं चालतं," असं म्हणाला. बाबा म्हणाले, "तळ्यात चालतं." त्यात टोमणा नव्हता.

मग त्यांनी मला नाक्यावरून पंक्चरवाल्याला बोलावून आणायला सांगितलं. दुसऱ्या पिंपाला टोकाशी बूच होतं. त्या जागी जुना व्हॉल्व्ह बसवून त्यांनी थोडीच हवा भरून घेतली, फार नाही, नाहीतर गंजका पत्रा फाटतो. बादलीत साबणाचं पाणी केलं आणि चिंधीने वेल्डिंगच्या जोडावर फिरवलं. सायकलचं पंक्चर शोधतात तसंच. बघता बघता जोडावर बारीक फुग्यांची माळ उठली. आणि हवा मधे कुठेही न अडता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली होती. कप्पे नव्हते.

मित्र खाली बसून फुगे बघत होता. त्याने हळूच विचारलं, "काका, दुरुस्त होईल का?"

"होईल की," बाबा म्हणाले. "लोखंडाचं काय, सगळं दुरुस्त होतं." आणि त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. दोन्ही पिंपं कापून खालचा अर्धा पत्रा बदलायचा. नवा घ्यायचा तो 3 चा नको, 4 चा. खाडीचं पाणी खारं, ते तळ्याच्या पाण्यापेक्षा लवकर खातं. प्रत्येक पिंपात तीन पडदे. प्रत्येक कप्प्याला वेगळं बूच. बाहेरून जस्ताच्या पट्ट्या लावायच्या, म्हणजे गंज आधी जस्त खाईल. प्लायवूड फुगलंय, ते नवं. इंजिन नवं नाही तर चांगलं सेकंड हँड. आणि पत्रा जाड झाला, पडदे आले, म्हणजे वजन वाढलं, म्हणजे एक माणूस आणखी कमी.

वेल्डरने नंतर सांगितलेला आकडा आणि इंजिनाचा आकडा धरून माझं गणित 2 लाख 60 हजारांवर गेलं. बोटीची किंमत वेगळी.

हे सगळं होऊनही मी नाही म्हणालो नव्हतो. आज मागे वळून पाहताना मला याचंच आश्चर्य वाटतं. माणसाला जी गोष्ट हवी असते तिच्यासाठी तो गणितं नव्याने मांडत राहतो. मी मांडत होतो. छप्पर काढलं तर वजन कमी होईल. मित्राने निम्मे घातले तर. घर काय, दोन वर्षांनी घेऊ.

मग कागद बघितले. ते आधी बघायला हवे होते. बोटीला आरसी बुकासारखं काही असतं का, हे मी पंचवीस दिवसांनंतर विचारलं. ठेकेदाराकडे तलावाच्या ठेक्याचा कागद होता, बोटीचा नव्हता. इंजिन लावून आतल्या पाण्यात चालणाऱ्या बोटींसाठी 2021 चा अंतर्देशीय जलवाहतूक नौकांचा कायदा आहे, 1917 च्या इंग्रजी काळातल्या कायद्याच्या जागी आलेला. सर्व्हे हवा, नोंदणी हवी, विमा हवा, चालवणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र हवं. प्रवासी घ्यायचे तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे जायचं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला अपघात झाला, माणसं गेली. त्यानंतर लाइफ जॅकेटवरून कुणी हसत नाही, आणि हसूही नये.

बोट बांधायची कुठे, हा आणखी एक प्रश्न. काठावर तिवरं आहेत, त्यांना हात लावता येत नाही आणि लावायचाही नाही. ओहोटीला काठापासून लांबवर गाळ उघडा पडतो. पोंटून त्या गाळात बसली की पुढच्या भरतीपर्यंत बसलेलीच. भरती-ओहोटीच्या मधल्या तासांत पाण्याला असा ओढ असतो की सपाट, उंच छपराची, दोन पिंपांवरची बोट त्यात आडवी फिरते. वर कल्याणकडून जलपर्णी वाहून येते, नाल्यांतून पिशव्या येतात, ते सगळं पंख्यात अडकतं. भर खाडीत इंजिन बंद पडलं तर तळ्यासारखी वाऱ्याने काठाला लागत नाही. पाणी नेईल तिकडे जाते.

हे सगळं मला बाबांनी सांगितलं. एका रात्रीत नाही, तीन-चार रात्रींत. टीव्ही बंद करून. आई आतून दोनदा बघून गेली, नक्की काय चाललंय म्हणून. खाडीबद्दल ते माझ्याशी इतकं कधीच बोलले नव्हते. कोपरकडून दिव्याकडे पाणी कसं वळतं, पूर्वी तळाला रेती कुठे होती आणि आता नुसता गाळ कुठे आहे, पूल नव्हता तेव्हा भिवंडीकडच्या गावांतून माणसं होडीने कशी यायची. 26 जुलै 2005 च्या रात्री त्यांनी होडी आमच्या गल्लीत आणली होती. मी दहा वर्षांचा होतो. त्यांच्या होडीत मी बसलो तो त्या एकाच दिवशी, तेही घराच्या दारातून चढून.

हे आठवल्यावर मी सहज म्हणालो, "त्यानंतर तुम्ही मला कधी होडीत नेलंच नाही."

ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "तुला पोहता येतं का?"

त्यांना उत्तर माहीत होतं. मला पोहता येत नाही. डुबी मारणाऱ्याचा मुलगा, खाडीपासून दहा मिनिटांवर वाढलेला, तीस वर्षांचा, आणि मला पोहता येत नाही. आमच्या वयाची गल्लीतली बाकीची पोरं शिकली होती. मी एकदा त्यांच्यासोबत बंदरावर गेलो तेव्हा बाबांनी सगळ्यांसमोर मारलं होतं. मला वाटायचं त्यांना बुडायची भीती वाटते.

"पोहता आलं असतं तर तू दहावीनंतर होडीवर आला असतास," ते म्हणाले. "तेव्हा रोजचे पैसे हातात पडायचे. कोण शाळेत गेलं असतं? म्हणून नाय शिकवलं."

मी काय बोलणार. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्यासाठी घेतलेला निर्णय मी माझा भित्रेपणा समजत होतो. आणि आता मी त्यांना न विचारता त्यांच्यासाठी एक निर्णय घेऊन ठेवला होता, एक्सेलच्या रकान्यात, पंधरा हजार पगारासह.

ते मी त्यांना सांगितलं. रकान्याचंही सांगितलं. ते हसले. "मला पाण्यावर जायचं नाय असं नाय," म्हणाले. "पण मी बोट चालवणार, मागे सात माणसं, आणि बोटीच्या मालकाला पोहता येत नाय. काय झालं तर मी कुणाला आधी काढू?"

हा प्रश्न आमच्या कुठल्याच शीटमध्ये नव्हता.

जानेवारीत मी ठेकेदाराला नाही म्हणून कळवलं. मित्र थोडा नाराज झाला, मग त्यानेच कबूल केलं की साबणाचे फुगे बघितले त्या दिवशीच त्याचं मन उडालं होतं, फक्त माझ्यासमोर बोलवत नव्हतं. फेब्रुवारीत बोट भंगारात गेली. इंजिन आधीच वेगळं विकलं होतं. वजनकाट्यावर 1,060 किलो भरली, किलोला 32 रुपयांनी. माझ्या हिशोबाने इंजिनाशिवाय 1,010 व्हायला हवी होती. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "पन्नास किलो तळ्यातला गाळ असंल आत."

4 लाख 10 हजार अजून खात्यात आहेत. त्यांत घर येणार नाही हे मलाही माहीत आहे, पण तो वेगळा विषय.

एप्रिलपासून मी डोंबिवली पूर्वेला सावळाराम महाराज क्रीडा संकुलातल्या तरण तलावावर जातो, सकाळच्या बॅचला. माझ्यासोबत आठ-दहा वर्षांची पोरं असतात. ती मला अंकल म्हणतात आणि माझ्या आधी शिकतात. पहिले दोन आठवडे कठडा सोडवत नव्हता. मग सोडवला. आता रुंदीत पलीकडे जातो, लांबीत अजून नाही.

बाबांची रात्रपाळी असली की गेटवरून सुटून ते कधी कधी थेट तिकडे येतात. जाळीबाहेर उभे राहतात. पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ बघून म्हणाले, "पाणी केवढं स्वच्छ हाय. तळ दिसतो." मग म्हणाले, मी श्वास चुकीचा घेतो. घरी येऊन त्यांनी दिवाणावर बसून दाखवलं, तोंडाने कसा घ्यायचा, धरायचा किती, सोडायचा कसा. आई म्हणाली, दोघांना वेड लागलंय.

मोठागावच्या बंदरावर एक छोटी फायबरची होडी आहे. वल्ह्याची, दोन माणसांची. मालक म्हातारा आहे, विकायची म्हणतो. बाबांनी तिचा तळ बघून ठेवलाय, मला न सांगता. मी विचारलं तर म्हणाले, "आधी लांबीत पोहून दाखव."